सीनाकाठचं एक सामाईक खातं: पुरानंतरच्या मदतीचा पूर्ण हिशेब

सप्टेंबर 2025 च्या चौथ्या आठवड्यात सीना नदीला महापूर आला. त्या पट्ट्यातल्या शेतजमिनीच्या एका खात्याचं हे प्रकरण आहे. खातं नमुन्याचं आहे, म्हणजे अडचणी एकाच जागी दिसाव्यात म्हणून रचलेलं. दर, अटी आणि कागद मात्र त्या वर्षीचे खरे आहेत.

आठ-अ वर (खातेदाराच्या सगळ्या जमिनीच्या उताऱ्यावर) एकूण क्षेत्र 3.60 हेक्टर, सगळं वडिलांनी स्वतः घेतलेलं. वडील 2023 मध्ये वारले आणि वारस नोंद राहून गेली. मागे आई, दोन भाऊ आणि लग्न झालेली बहीण. कसतात दोघे भाऊ. नदीलगतचा गट 1.60 हेक्टर, त्यात सोयाबीन. मधला गट 1.40 हेक्टर, त्यात 1.00 सोयाबीन आणि 0.40 डाळिंब. तिसरा गट थोडा उंचावर, 0.60 हेक्टर तूर. नदीकाठी एक विहीर आणि गोठा. पुरात नदीलगतच्या गटाची 50 आर (अर्धा हेक्टर) जमीन खरडून गेली, उरलेलं 1.10 हेक्टर सोयाबीन बुडालं, मधला गटही पाण्याखाली गेला, विहीर गाळाने भरली. दावणीची एक गाय, एक कालवड, दोन शेळ्या आणि 60 गावरान कोंबड्या मेल्या. घर गावठाणात, ते वाचलं.

पंचनामा: एका शब्दाने अडलेलं काम

पंचनाम्याला तिघे येतात: तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक. पदांची नावं आता बदलली आहेत, तलाठी कागदावर ग्राम महसूल अधिकारी झाला आहे, पण गावात हाक जुनीच आहे. तिघांच्या आणि पंचांच्या सह्या झाल्या की तो कागद तहसीलला जातो आणि पुढचं सगळं त्यावर चालतं. शासन निर्णयातला दर कितीही असो, तो लागू होतो पंचनाम्यात लिहिलेल्या क्षेत्राला. म्हणून पंचनामा चालू असताना खातेदाराने बांधावर उभं राहून लिहिलेलं वाचणं, हे पुढच्या दहा हेलपाट्यांपेक्षा जास्त कामाचं.

पहिली गोष्ट नुकसानीचं कारण. सवयीने सगळीकडे ‘अतिवृष्टी’ लिहिलं जातं. अतिवृष्टीची व्याख्या महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस अशी आहे आणि तो मोजला जातो मंडळाच्या पर्जन्यमापकावर. सीना उगम पावते अहिल्यानगर जिल्ह्यात. वर धो धो पडलं की खालच्या गावात पाऊस बेताचा असूनही नदी शेतात शिरते. या खात्याच्या मंडळातली नोंद त्या दिवशी 65 च्या आत होती. पहिल्या मसुद्यात ‘अतिवृष्टी’ होतं. तसंच पुढे गेलं असतं तर मंडळाच्या आकड्याशी ते जुळलं नसतं आणि यादी परत आली असती. ‘सीना नदीच्या पुराचे पाणी शेतात शिरून’ असं लिहून घेतलं. पूर ही केंद्राच्या यादीतली आपत्ती आहे, तिला मंडळातल्या पावसाची अट नाही.

दुसरी गोष्ट खरडलेल्या जमिनीची. जमिनीचं नुकसान दोन प्रकारचं आणि दोन दरांचं असतं. गाळ किंवा वाळू साचून थर तीन इंचांपेक्षा जास्त असेल तर तो काढायला हेक्टरी 18,000 रुपये. माती खरडून किंवा वाहून गेली असेल तर हेक्टरी 47,000. दोन्हीचं विवरणपत्र पिकाच्या विवरणपत्राहून वेगळं भरावं लागतं. घाईत तलाठी फक्त पिकाचं भरतो, ‘सोयाबीन 100 टक्के बाधित’ लिहितो, आणि जमिनीचा विषय तिथेच संपतो. इथे तेच झालं होतं. चार दिवसांनी लेखी अर्ज देऊन 50 आर वेगळे दाखवून घेतले.

खरडण दाखवायची पद्धत साधी आहे. न खरडलेल्या बांधाच्या पातळीला दोरी ताणायची, दोरीपासून खाली मुरमापर्यंत टेप सोडायचा आणि आकडा दिसेल असा जीपीएस-तारखेचा फोटो घ्यायचा. गाळ असेल तर पहार आत सोडायची. मऊ गाळातून ती सरसर जाते आणि मूळ घट्ट जमिनीला टेकली की हाताला थांबल्याचं कळतं. तिथे चिखलाची रेघ पहारीवर उमटते, ती मोजायची. हे पहिल्याच आठवड्यात करावं, कारण गाळ वाळला की बसतो, भेगाळतो आणि चार इंचांचा तीन होतो. तीन इंचांच्या अटीला एक इंचही महाग पडतो.

तिसरी गोष्ट तुरीची. इथे चूक कुणाचीच नव्हती, आणि पैसे मात्र गेले. पिकाला मदत मिळायला नुकसान 33 टक्के किंवा जास्त हवं. सोयाबीनचं कळणं सोपं: चार दिवस पाण्यात राहिलेल्या शेंगा दाबल्या की आतून कुबट पाणी येतं, दाण्याला कोंब दिसतो. तूर तशी नाही. मुळाशी पाणी तुंबलं तरी आठवडाभर झाड हिरवं उभं दिसतं, आणि पाणी ओसरून ऊन पडलं की मर लागून उधळायला सुरुवात होते. पंचनाम्याच्या दिवशी तुरीत 20 टक्के नुकसान दिसलं, तेच लिहिलं गेलं. दहा-बारा दिवसांत निम्म्याहून जास्त ओळी वाळल्या. फेरपंचनाम्याचा अर्ज दिला तेव्हा गावाची यादी तहसीलमधून जिल्ह्याला गेली होती. पाणथळ रानातल्या तुरीचा पंचनामा घाईने उरकू देऊ नये. उरकलाच, तर ‘पाणी साचलेले, मर अपेक्षित, फेरपाहणी आवश्यक’ एवढी ओळ तरी शेऱ्यात घालून घ्यावी.

जनावरं

निकषातले दर असे: दुभती गाय किंवा म्हैस 37,500, ओढकामाचा बैल 32,000, वासरू 20,000, शेळी-मेंढी 4,000, कोंबडी 100 रुपये प्रति पक्षी आणि कोंबड्यांची कमाल 10,000 प्रति कुटुंब. मोठ्या दुभत्या जनावरांवर कुटुंबामागे तीनची मर्यादा होती, ती ऑक्टोबर 2025 च्या राज्याच्या पॅकेजमध्ये काढली गेली.

जनावराच्या मदतीला पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो, म्हणजे शवविच्छेदन किंवा निदान जागेवरची तपासणी. पूर ओसरल्यावर कुजकी जनावरं पुरण्याची घाई असते आणि आरोग्याच्या दृष्टीने ती योग्यही असते. पण जेसीबी लावून खड्डा बुजवण्याआधी कानाचा टॅग स्पष्ट दिसेल असा फोटो, आणि जमलं तर टॅग कापून ठेवणं, एवढं करावं. 1 जून 2024 पासून महाराष्ट्रात कानात 12 अंकी टॅग नसलेल्या जनावराला आपत्तीतल्या मृत्यूची भरपाई नाही असा नियम आहे. गाईला लसीकरणाच्या वेळी टॅग मारलेला होता, शेळ्यांनाही होता. कालवड सात महिन्यांची, तिला टॅग नव्हता. तिचे 20,000 अडकले ते अडकलेच. नियम कडक आहे, पण टॅगिंग गावातल्या दवाखान्यातून होतं आणि त्याला पाच मिनिटं लागतात. वासराला ‘मोठं झालं की मारू’ म्हणून सोडतात, तिथेच फटका बसतो.

गाय 37,500, दोन शेळ्या 8,000, कोंबड्या 6,000. एकूण 51,500. हे पैसे बाकीच्यांच्या आधी आले, कारण त्यांना सातबाऱ्याशी देणंघेणं नव्हतं. पंचनामा थोरल्या भावाच्या नावाने होता आणि गोठा त्याचाच.

खात्याचं त्रांगडं

पिकाच्या आणि जमिनीच्या यादीत नाव येतं सातबाऱ्यावरून. सातबाऱ्यावर वडील. वडिलांचं आधार प्रमाणीकरण होणार नाही, त्यांचा शेतकरी ओळख क्रमांक निघणार नाही, त्यांच्या बँक खात्यात पैसे पाठवता येणार नाहीत. 2025 च्या खरिपापासून पंचनाम्यात ॲग्रीस्टॅकचा (शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदणीचा) शेतकरी ओळख क्रमांक मागितला जातो आणि तो ज्याचं नाव सातबाऱ्यावर आहे त्यालाच मिळतो. म्हणजे वारस नोंद नसलेलं खातं आता आधीपेक्षा जास्त ठिकाणी अडतं.

जमीन महसूल संहितेप्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत वारसाने तलाठ्याला कळवायचं असतं. कुणी कळवत नाही. राज्याने एप्रिल 2025 पासून ‘जिवंत सातबारा’ मोहीम याचसाठी चालवली. मयत खातेदार शोधून वारस लावणं हेच तिचं काम. या कुटुंबाने मोहिमेत कागद दिलेच नाहीत, कारण बहिणीचं नाव लागेल ही भीती. वारस नोंदीत आई आणि बहीण येतातच, ते टाळता येत नाही. हक्कसोड पुढे स्वतंत्र दस्ताने होते. भावांनी ते टाळण्यापायी दोन वर्षं काढली आणि पूर आल्यावर धावपळ केली.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात महसूलच्या ई-हक्क संकेतस्थळावरून अर्ज केला. मृत्यू दाखला, सर्व वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, आधार, आठ-अ एवढं जोडलं. तलाठ्याने फेरफार (हक्कबदलाची नोंद) घातला, नोटिशीचे 15 दिवस गेले, मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली. नोव्हेंबर उजाडला. तोवर गावातल्या इतरांचे पहिले पैसे पडून गेले होते.

आता यातला फायदा, जो त्या घरात कुणाच्याच लक्षात आला नव्हता. खरडलेल्या जमिनीची हेक्टरी 47,000 ची मदत केंद्राच्या निकषात अल्प आणि अत्यल्प भूधारकांसाठी आहे, म्हणजे दोन हेक्टरपर्यंत. वडिलांच्या एकट्याच्या नावावर 3.60 हेक्टर असताना हे खातं त्यात बसतच नव्हतं. चौघा वारसांची नोंद झाली आणि प्रत्येकाच्या वाट्याला 0.90 हेक्टर आलं. चौघंही अत्यल्प भूधारक! ज्या नोंदीला भाऊ घाबरत होते तिनेच 50 आरांचे 23,500 रुपये मिळवून दिले.

सामाईक खात्यात पैसे कसे द्यायचे याला दोन वाटा आहेत. एक, बाकीचे वारस संमतीपत्र देतात आणि रक्कम एकाच्या खात्यावर जाते. दोन, प्रत्येकाच्या हिश्श्याप्रमाणे यादीत चार नावं. संमतीपत्र सोपं, पण मग क्षेत्राची तीन हेक्टरांची कमाल मर्यादा त्या एका माणसाला लागते. मोठं सामाईक खातं असेल तर हिस्से पाडलेलेच बरे. इथे बाधित क्षेत्र मर्यादेच्या आत बसत होतं आणि बहीण पुण्याला, म्हणून संमतीपत्र थोरल्याच्या नावे झालं. तूर पात्र ठरली असती तर मात्र क्षेत्र 3.10 झालं असतं आणि दहा आर मर्यादेबाहेर गेले असते.

दर आणि तीन हप्त्यांचा गोंधळ

पारावरचा पहिला प्रश्न असा असतो: मागे हेक्टरी 13,600 मिळाले, आता 8,500 का? 2022 च्या पावसाळ्यात राज्याने तेव्हाचे केंद्राचे दर (6,800 जिरायत, 13,500 बागायत, 18,000 बहुवार्षिक) दुप्पट करून तीन हेक्टरपर्यंत दिले होते. वाढीव भाग राज्याच्या तिजोरीतून होता आणि तो दर वेळी वेगळ्या निर्णयाने द्यावा लागतो. मे 2025 अखेरच्या निर्णयाने राज्य पुन्हा केंद्राच्या निकषांवर आलं: जिरायत 8,500, बागायत 17,000, बहुवार्षिक 22,500, मर्यादा दोन हेक्टर. बोलताना लोक याला ‘एनडीआरएफचे दर’, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती निधीचे दर, म्हणतात. प्रत्यक्षात पैसे आधी राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून जातात, ज्यात महाराष्ट्रासाठी केंद्राचे 75 आणि राज्याचे 25 टक्के असतात.

मग 7 ऑक्टोबर 2025 ला 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. मर्यादा तीन हेक्टर झाली, रब्बीच्या बियाणं-खतासाठी हेक्टरी 10,000 वाढवले गेले, गाळाने भरलेल्या विहिरीला 30,000, आणि खरडलेल्या जमिनीला 47,000 रोख अधिक हेक्टरी तीन लाखांपर्यंतचं रोजगार हमीचं काम. बातम्यांत जिरायतीला 18,500, हंगामी बागायतीला 27,000 आणि बागायतीला 32,500 असे आकडे आले. ते 8,500, 17,000 आणि 22,500 मध्ये रब्बीचे 10,000 मिळवून केलेले. बेरीज बरोबर, पण पैसे बेरजेने येत नाहीत. वेगवेगळ्या निर्णयांनी, वेगवेगळ्या तारखांना येतात: आधी दोन हेक्टरांचे, मग वाढीव मर्यादेतले, मग रब्बीचे. पहिली रक्कम पडली की ‘कमी आले’ म्हणून तहसीलला रांग लागते.

या खात्याचा हिशेब असा बसला. पात्र पीकक्षेत्र 2.50 हेक्टर: सोयाबीन 2.10, डाळिंब 0.40.

पहिल्या दोन हेक्टरांत डाळिंब आधी धरलं. 0.40 चे 9,000 आणि 1.60 सोयाबीनचे 13,600, मिळून 22,600.
वाढीव मर्यादेतले 0.50 सोयाबीन: 4,250.
रब्बीसाठी 2.50 × 10,000: 25,000.
खरडलेली 0.50 जमीन: 23,500.
विहीर: 30,000.
जनावरं: 51,500.

एकूण 1,56,850. हातून गेलेले: तुरीच्या मर्यादेत बसणाऱ्या 50 आरांचे 4,250 व त्यावरचे रब्बीचे 5,000, आणि कालवडीचे 20,000. खरडलेल्या 50 आरांवरच्या पिकाची रक्कम वरच्या हिशेबात धरलेली नाही.

डाळिंबाचीही एक गंमत. वडिलांच्या आजारपणापासून ई-पीक पाहणी (पिकाची ॲपवरची नोंद) झाली नव्हती आणि सातबाऱ्यावर त्या 40 आरांत अजून ज्वारी होती. कृषी सहायकाने झाडं मोजून बहुवार्षिक लिहिलं म्हणून निभावलं. सातबाऱ्यावरून लिहिलं असतं तर 9,000 चे 3,400 झाले असते.

पैसे खात्यावर येईपर्यंत

यादी पोर्टलवर चढली की प्रत्येक नावाला विशिष्ट क्रमांक मिळतो, सगळे त्याला व्हीके नंबर म्हणतात. यादी गावात लागते. क्रमांक घेऊन सेवा केंद्रात आधार प्रमाणीकरण करायचं. ज्यांचा शेतकरी ओळख क्रमांक आहे त्यांना 2025 च्या मदतीत यातून सूट मिळाली, पण थोरल्याचं नाव सातबाऱ्यावर नुकतंच लागलेलं, ओळख क्रमांक मंजुरीत अडकलेला, म्हणून त्याला अंगठा लावावाच लागला. अंगठा लावण्याआधी पडद्यावरचं नाव, गट, क्षेत्र, रक्कम वाचून घ्यावी. केंद्रचालक घाईत असतो, आणि एकदा मान्य केलं की क्षेत्र चुकलं हे तहसीलदारांना पटवणं जड जातं.

थोरला जिल्हा बँकेच्या पासबुकाकडे डोळे लावून बसला होता. पैसे तिथे येणार नव्हते. थेट लाभाची रक्कम तुम्ही दिलेल्या पासबुकावर न जाता, आधार ज्या खात्याशी शेवटचं जोडलं गेलं त्या खात्यावर जाते. खात्याला आधार ‘लिंक’ असणं वेगळं आणि एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत ते खातं लागलेलं असणं वेगळं. दहा खात्यांना आधार लिंक असू शकतं, लाभ घेणारं एकच असतं. ते आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ मध्ये दिसतं. थोरल्याचं निघालं एका बँकेतलं, कामाला बाहेरगावी असताना उघडलेलं, तीन वर्षं व्यवहार नसल्याने निष्क्रिय. रक्कम परत गेली. खातं केवायसी देऊन चालू केलं, तेव्हा पुढच्या खेपेत आली. आईच्या नावाने हिस्सा काढला असता तर तो पोस्टाच्या पेमेंट बँकेत गेला असता, कारण 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी तिथेच आधार जोडलेलं.

पीककर्ज थकलेलं असेल तर बँक रक्कम होल्ड करते. मदतीतून कर्जवसुली करू नये असं शासन निर्णयातच लिहिलेलं असतं. त्या निर्णयाची प्रत जोडून शाखाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी भांडून होल्ड निघत नाही.

पीक विमा हे वेगळं प्रकरण, पण लोक गल्लत करतात म्हणून एवढंच: 72 तासांत ॲपवर कळवण्याची धावपळ राज्यात खरीप 2025 मध्ये निरर्थक झाली होती. एक रुपयाचा विमा गेला, स्थानिक आपत्तीचा वैयक्तिक दावा गेला, त्या हंगामात भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावरच ठरत होती. महसूलचा पंचनामा त्यात चालत नव्हता.

राहिलं रोजगार हमीचं काम, तीन लाखांच्या दराने 50 आरांना दीड लाखांपर्यंतचं. बातमीत हे ‘हेक्टरी साडेतीन लाख’ असं वाजलं आणि भावांना वाटलं रोखच येणार. ते काम आहे. त्याला जॉबकार्ड हवं, ग्रामपंचायतीच्या आराखड्यात नाव हवं, तांत्रिक सहायकाचं अंदाजपत्रक आणि काम सुरू होण्याआधीचा जिओटॅग फोटो हवा. रोजगार हमीत मजुरी आणि साहित्य 60:40 धरतात आणि यंत्राला जवळपास वाव नसतो. खरडलेल्या रानात माती टाकायला मात्र ट्रॅक्टर आणि जेसीबीच लागतात. धाकट्याने हरभऱ्याची पेर साधायला डिसेंबरात उसनवारी करून 22 ट्रॉल्या माती टाकली. जानेवारीत तांत्रिक सहायक टेप घेऊन आला तेव्हा रान सपाट होतं आणि मोजायला खड्डाच उरला नव्हता.